एका पानाचा स्वयंपाक

“एकल्या जिवासाठीं काय सैपाक करायचा, बाबा!” हें वाक्य मीं तीर्थपुरीस आमच्या आत्याबाईंच्या तोंडून ऐकलें आणि तेव्हांपासून तें मनांत सलत राहिलें आहे. वाक्य कांहीं नवें नव्हे. मराठी घरांत तें इतक्या वेळां व इतक्या सहजपणें बोललें जातें कीं, त्यांत विचार करण्यासारखें कांहीं आहे असें कोणास वाटतच नाहीं. उलट, बोलणाऱ्या बाईच्या साधेपणाचें, निरिच्छपणाचें आणि काटकसरीचें कौतुकच होतें. हें कौतुक अनाठायीं आहे, इतकेंच नव्हे, तर तें माणसांच्या जिवावर बेतणारें आहे, असें माझें स्पष्ट मत आहे. आणि तें मांडतांना एका यंत्राची बाजू घ्यावी लागणार असल्यामुळें वाचकांनीं थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

तीर्थपुरी हें जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांतलें गांव. कापूस, तूर, ज्वारी, ऊस आणि मोसंबी यांवर हा मुलूख जगतो; जिल्ह्याच्या दक्षिण शिवेवरून गोदावरी वाहते. येथलीं शिकलेलीं मुलें जालन्यास, छत्रपति संभाजीनगरास, पुण्यास गेलीं. घरें मात्र जागच्या जागीं राहिलीं आणि घरांबरोबर म्हातारीं माणसें राहिलीं. ज्या माजघरांत एके काळीं दोन्ही वेळां पंधरा-वीस पानें मांडलीं जात, तेथें आज एक पान मांडलें जातें, आणि पुष्कळदां तेंहि मांडलें जात नाहीं. आत्याबाईंचें घर यांपैकींच एक. यजमान जाऊन सात वर्षें झालीं. दोघे मुलगे पुण्यास. सकाळीं त्या दोन भाकरी आणि थोडी भाजी करतात. रात्रीं त्यांतलीच उरलेली अर्धी भाकर दुधांत कुसकरून, नाहीं तर चहाबरोबर, खातात. गेल्या वर्षीं चक्कर येऊन पडल्या तेव्हां रक्त तपासलें. तें कमी भरलें. मुलगे रोज रात्रीं आठ वाजतां दूरध्वनीवरून विचारतात, “आई, जेवलीस का?” त्या “हो” म्हणतात. हें उत्तर खोटें असतें असेंहि नाहीं.

याच घराच्या ओट्यावर एक मायक्रोवेव्ह आहे. मुलांनीं तो दोन दिवाळ्यांपूर्वीं पाठविला. त्यावर दोऱ्यानें विणलेला रुमाल, रुमालावर पंचांग आणि पंचांगावर औषधांचा डबा, अशी त्याची प्रतिष्ठापना झालेली आहे. महिन्यांतून चार वेळां त्यांत दूध कोमट होतें. एवढ्यापुरतेंच त्याचें आयुष्य.

माझें म्हणणें असें कीं, एकट्या माणसानें रात्रीं स्वतःसाठीं डाळ-तांदूळ निवडून, धुवून, ताजें अन्न शिजवून जेवणें ही चैन नव्हे, कर्तव्य आहे. आणि ह्या कर्तव्यास आजच्या घरांत सर्वांत जवळचें साधन तेंच आहे, जें ह्या रुमालाखालीं झांकून पडलेलें आहे. हें म्हटल्याबरोबर दोन पक्ष अंगावर येतात. जुन्या वळणाचे लोक म्हणतात, पेटीत शिजविणें हें शिजविणेंच नव्हे. नव्या वळणाचे म्हणतात, पेटीत फक्त गरम करावें; शिजलेलें अन्न बाजारांत वेष्टनांतून मिळतें, मग खटाटोप कशाला? दोघांचा निष्कर्ष एकच: एकट्यानें रांधूं नये. म्हणून दोघांसहि उत्तर दिलें पाहिजे.

जुन्यांचा पहिला आक्षेप धर्माचा आहे आणि तो हलका नाहीं. गीतेच्या तिसऱ्या अध्यायांत केवळ स्वतःपुरतें रांधणाऱ्यास दोष लावलेला आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतहि एकटें खाणाऱ्याची निंदा आहे. हीं वचनें मीं आत्याबाईंच्याच तोंडून ऐकलीं. शाळा चौथीपर्यंत झाली असली तरी पारायणें त्यांनीं पुष्कळ केलीं आहेत. परंतु तो दोष कोणाला, हें नीट पाहावयास नको काय? दारीं भुकेलेला उभा असतां हात आंखडून खाणाऱ्याची ती निंदा आहे. ज्याचीं माणसें पोटासाठीं परगांवीं गेलीं, ज्याच्या दारीं रात्रीं आठ वाजतां कोणीहि येत नाहीं, त्याची ती निंदा नव्हे. पाप वांटा न देण्यांत आहे, पानांच्या संख्येंत नाहीं. शिवाय त्याच तिसऱ्या अध्यायांत, त्या श्लोकाच्या थोडेंच अगोदर, कर्म टाकल्यास शरीराचा निर्वाहसुद्धां होणार नाहीं, असें बजावलें आहे. आणि सहाव्या अध्यायांत, अति खाणाऱ्याप्रमाणेंच मुळींच न खाणाऱ्यालाहि योग साधत नाहीं, असें सांगितलें आहे. एक श्लोक घ्यावयाचा आणि त्याच्या शेजारचा सोडावयाचा, हा धर्म नव्हे. ज्या समर्थांनीं बलोपासना शिकविली, त्यांचें जन्मगांव जांब ह्याच घनसावंगी तालुक्यांत आहे. त्यांच्याच तालुक्यांत अर्धपोटीं निजण्यास वैराग्य म्हणावें, याहून मोठा विपर्यास कोणता?

खरें सांगावयाचें तर ह्या वाक्यामागें धर्म नाहींच. संवय आहे, आणि ती संवय आपण लाविलेली आहे. हें वाक्य पुरुषाच्या तोंडीं सहसा येत नाहीं, हें लक्षांत घ्या. एकटा राहिलेला पुरुष असला तर शेजारून डबा येतो, खाणावळ असते, साऱ्या गल्लीला त्याची कींव येते. एकट्या राहिलेल्या बाईची कींव कोणासच येत नाहीं. कारण तिला स्वयंपाक येतो! पन्नास वर्षें जी दुसऱ्यांचीं पानें वाढीत आली, तिला स्वतःचें पान हें पान वाटेनासें होतें. खाणारें दुसरें कोणी असेल तरच आपल्या हाताला अर्थ आहे, हें तिच्या अंगवळणीं पडतें. त्यास आपण त्याग म्हणतों, आणि म्हणून निश्चिंत राहतों.

आतां यंत्राकडे वळूं. पेटीत शिजविणें हें शिजविणें नव्हे, असें म्हणणाऱ्यांनीं ती पेटी काय करते तें एकदां पाहावें. तिच्या पोटांत मॅग्नेट्रॉन नांवाची नळी असते. शत्रूचीं विमानें दुरून हेरण्यासाठीं तिचें सुधारलेलें रूप १९४० सालीं इंग्लंडांत बर्मिंगहॅम विद्यापीठांत सिद्ध झालें. ह्याच लहरींनीं अन्न शिजवितां येतें, हें पुढें अमेरिकेंत पर्सी स्पेन्सर यांच्या ध्यानांत आलें. १९४५ सालीं त्यांनीं पेटंटासाठीं अर्ज केला आणि १९४७ सालीं पहिलें यंत्र विक्रीस आलें. तें जवळजवळ पुरुषभर उंच आणि तीनशें किलोंहून अधिक वजनाचें होतें. ओट्यावर मावेल असें घरगुती यंत्र १९६७ सालीं निघालें. त्यांतील लहरींचीं सेकंदाला सुमारें २४५ कोटि आवर्तनें होतात. त्यांच्या ओढीनें अन्नांतील पाण्याचे कण हलूं लागतात आणि त्या हालचालींतून उष्णता उपजते. डाळीला जी उष्णता लागते तीच ही. डाळ फुलते, तांदळांतला पिठूळ भाग पाणी शोषून मऊ होतो, भाजीचे धागे सुटतात. चुलींत याहून निराळें काय होतें?

होतें एवढेंच कीं, चूल आधीं भांडें तापविते, भोंवतालची हवा तापविते, आणि मग अन्नाला तापविते. चौघांचें अन्न असो कीं एकाचें, भांडें आणि हवा यांचा वांटा तिला द्यावाच लागतो. म्हणून एका माणसाची डाळ मोठ्या पातेल्यांत टाकली तर खालीं लागते, लहान पातेल्यांत टाकली तर ज्वाळा बाजूंनीं वर जाते. ह्या पेटीची रीत उलटी आहे. तिची शक्ति बहुतेक अन्नांतच मुरते. अन्न दुप्पट केलें तर वेळहि जवळजवळ दुप्पट लागतो. लहरी अन्नांत दोन-तीन सेंटिमीटरच शिरतात. त्यापुढें उष्णता आपल्या पायांनीं जाते. याचा अर्थ उघड आहे. पंधरा पानांच्या घरास ही पेटी कुचकामाची. एका पानाच्या घरास तिच्यासारखी दुसरी चूल नाहीं. आपण मात्र ती मोठ्या कुटुंबांत उष्टावळ तापविण्यास ठेवितों आणि एकट्या बाईस गॅसवरच्या मोठ्या कुकरापाशीं उभी करतों.

हें नुसतें बोलणें राहूं नये म्हणून तीर्थपुरीच्या त्याच ओट्यावर मीं जें करून पाहिलें तें सांगतों. तेथील यंत्र ८०० वॉटचें आहे. अर्धी वाटी तांदूळ आणि पाव वाटी मुगाची डाळ धुवून अर्धा तास भिजत घातली. भांडें कांचेचें आणि चांगलें खोल घेतलें. उथळ भांड्यांतून खिचडी उतूं जाते आणि नांव यंत्राचें बद्दू होतें. त्यांत चमचाभर तूप, जिरें व हिंग घालून एक मिनिट ठेवलें. मग निथळलेले डाळ-तांदूळ, हळद, मीठ आणि सव्वादोन वाट्या पाणी. झांकण न घालतां पूर्ण शक्तीवर सहा मिनिटें. एकदां ढवळून, अर्धवट झांकून, निम्म्या शक्तीवर दहा मिनिटें. आणि पांच मिनिटें तसेंच मुरूं दिलें. हीं शेवटचीं पांच मिनिटें जो खातो त्याची खिचडी कच्ची राहते. तेवढ्यांत दोडक्याच्या फोडी पाण्याचा शिपका मारून, झांकून, चार मिनिटांत शिजल्या. सगळ्यास वीज सुमारें तिसरा हिस्सा युनिट लागली. आग नाहीं, धूर नाहीं, वाकून बसणें नाहीं, आणि गॅस बंद केला कीं नाहीं या शंकेनें निजतां निजतां उठणें नाहीं. सत्तरी उलटलेल्या माणसास ह्या शेवटच्या गोष्टीचें मोल किती, हें मीं सांगावयास नको.

दुसऱ्या दिवशीं पिठलें. तेल, जिरें, ठेंचलेला लसूण आणि बारीक कांदा तीन मिनिटें. मग तीन मोठे चमचे बेसन, वाटीभर पाणी, तिखट, हळद व मीठ गुठळी न ठेवतां कालवून त्यांत ओतलें. दीड मिनिट ठेवून ढवळलें, पुन्हां एक मिनिट, पुन्हां ढवळलें, आणखी एक मिनिट, आणि झांकून दोन मिनिटें मुरूं दिलें. सकाळची ज्वारीची भाकर आणि रात्रीचें वाफाळतें पिठलें, हें जेवण मराठवाड्यांत कोणीं नाकारिल्याचें मला माहीत नाहीं. कुसकरलेल्या भाकरीहून तें किती वेगळें, हें खाणाऱ्यानें सांगावें.

यंत्राचे दोष लपविण्याचें मला कारण नाहीं. भाकर त्यांत होत नाहीं. तिला तवा व जाळ हवाच. वांगें टोंचे मारून ठेवलें तर पांच-सहा मिनिटांत मऊ होतें, पण निखाऱ्यावरच्या भरताचा धुरकट वास त्याला येत नाहीं. मोहरी त्यांत मनासारखी तडतडत नाहीं; फोडणी जिऱ्या-लसणावरच भागवावी. तुरीची डाळ शिजावयास फार वेळ घेते. रात्रीच्या जेवणास मूगच बरा. अन्न सगळीकडे सारखें तापत नाहीं, म्हणून मधून ढवळावें आणि शेवटीं मुरूं द्यावें. वीज गेली तर पेटी निरुपयोगी, आणि आमच्या खेड्यांत वीज जाते. म्हणून गॅस काढून टाका असें कोण म्हणतो? परंतु एखादें भांडें भाकरीस चालत नाहीं म्हणून तें वरणासहि चालत नाहीं, हा न्याय कुठला?

राहिला ‘किरणां’चा बागुलबुवा. ह्या लहरी अन्नांत साठून राहतात अशी समजूत फार पसरलेली आहे. दिवा मालविला कीं खोलींत उजेड शिल्लक राहत नाहीं, तसेंच हें. क्ष-किरणांप्रमाणें रेणु फोडण्याची शक्ति ह्या लहरींत नाहीं. त्या उष्णता देतात, एवढेंच. जीवनसत्त्वें मरतात म्हणावें, तर तीं फार वेळ उकळल्यानें आणि शिजविलेलें पाणी टाकून दिल्यानें अधिक जातात. थोड्या पाण्यांत थोडा वेळ शिजलेल्या भाजींत तीं अधिक टिकतात. भय धरावयाचेंच तर खऱ्या गोष्टींचें धरा: धातूचें भांडें आंत ठेवूं नये, साध्या प्लास्टिकच्या डब्यांत शिजवूं नये, सालीसकट अंडें ठेवूं नये, तें फुटतें. एवढे नियम चुलीलाहि असतातच.

नवें साधन आलें कीं अन्नाचा कस गेला अशी ओरड होते, ती आजची नाहीं. १९१० सालीं कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनीं ‘इक्मिक कुकर’ काढला. एकावर एक डबे, खालीं थोडा कोळशाचा विस्तव, आणि वाफेवर एका वेळीं भात, डाळ व भाजी. एकट्या माणसाच्या सोयीचा विचार आपल्या देशांत शंभर वर्षांपूर्वींच झाला होता, हें यावरून दिसतें. पुढें प्रेशर कुकर आला, तेव्हां शिटीच्या भातानें पोट धरतें असें म्हणणाऱ्या आजीबाई आमच्याहि घरांत होत्या. आज कुकराचा भात हाच ‘घरचा भात’ झाला आहे, आणि तोच दाखवून लोक पेटीला हिणवितात.

आतां नव्या पक्षाकडे वळतों. त्याच्यावर माझा राग अधिक आहे. त्याला यंत्राचें भय नाहीं, पण त्याच्या मतें तें गरम करण्याची पेटी आहे. वेष्टन कापावें, दोन मिनिटें ठेवावें, खावें. विकणाऱ्यांसहि हेंच हवें. माणूस एकटें पडलें कीं बाजाराला एक गिऱ्हाईक मिळतें. वेष्टनांतल्या अन्नांत मीठ किती, तेल किती, तें केव्हां शिजलें, हें खाणाऱ्याच्या हातीं राहत नाहीं; रक्तदाबाच्या माणसास याची किंमत मोजावी लागते. मूठभर मूग आणि मूठभर तांदूळ यांना वेष्टनापेक्षां पैसा कमी लागतो, आणि वर सांगितल्याप्रमाणें हाताचें काम पांच मिनिटांपलीकडे नाहीं. शहरांत एकट्या राहणाऱ्या आमच्या तरुणांना हें कळूं नये? गांवीं आई चहा-भाकर खाऊन निजते आणि पुण्यास मुलगा वेष्टन तापवून निजतो. दोघेहि एकमेकांस “जेवलों” म्हणून सांगतात!

दोष पुस्तकांचाहि आहे. १८७५ सालीं रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ छापून निघालें, तेव्हांपासून मराठींत पाकशास्त्राचीं पुस्तकें होत आलीं. १९७० सालीं कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’नें वाटी-चमच्याचीं मापें देऊन हजारों नवशिक्यांना हात दिला. परंतु आमचीं मापें बहुधा भरल्या घराचीं. चौघांच्या मापास चारानें भागिलें म्हणजे एकाचें जेवण होतें असें नव्हे. पाणी आटतें तें भांड्याच्या तोंडाप्रमाणें, माणसांच्या संख्येप्रमाणें नव्हे. फोडणीचें तेलहि चौथाईनें पुरत नाहीं. एका पानाचें माप स्वतंत्रपणें करून पाहावें लागतें. हें काम कोणीं तरी मनावर घ्यावें. गांवोगांवच्या महिला बचत गटांनीं एका दुपारीं दहा बायकांसमोर एका माणसाची खिचडी ह्या पेटीत करून दाखविली, तर शंभर जाहिरातींनीं होणार नाहीं तें होईल.

आणि मुलांनीं काय करावें? यंत्र पाठविलें म्हणजे ऋण फिटलें, हा समज सोडावा. आत्याबाईंच्या यंत्रावरचीं सगळीं अक्षरें इंग्रजी आहेत. कोणती कळ दाबावी हें त्यांना कोणीं सांगितलेंच नव्हतें, आणि विचारावयास त्यांना संकोच वाटला. मीं कागदाच्या चार पट्ट्या कापल्या, त्यांवर ‘पूर्ण’, ‘निम्मी’, ‘मिनिटें’ आणि ‘बंद’ असें ठळक मराठींत लिहून त्या कळांवर चिकटविल्या. दोन संध्याकाळीं शेजारीं उभा राहिलों. तिसऱ्या संध्याकाळीं त्यांनीं मला बाजूला व्हावयास सांगितलें. त्या दिवशींच्या खिचडींत त्यांनीं माझ्या मापाहून पाणी कमी घातलें होतें आणि ती माझ्याहून चांगली झाली होती, हें येथें नमूद करणें भाग आहे. पन्नास वर्षांचा हात यंत्र बदललें म्हणून कांहीं विसरत नाहीं.

वाचकहो, आपल्यापैकीं अनेकांची आई, मावशी, सासू, वडील आज अशाच एखाद्या गांवीं एकटीं आहेत. रात्रीं आपण विचारतों, “जेवलीस का?” ह्या प्रश्नाला ‘हो’ हेंच उत्तर येतें, कारण दुसरें उत्तर देऊन मुलाची झोंप कोणतीहि आई मोडणार नाहीं. तेव्हां आज रात्रीं प्रश्न बदलून पाहा. “आज काय शिजवलेंस?” असें विचारा, आणि उत्तर येईपर्यंत दूरध्वनी खालीं ठेवूं नका.